सोडियम दानशूर आहे काय ?

मिठाची हकीकत वर्गांत सांगण्याची माझी एक ठराविक रीत असे. सोडियमच्या अणूंत ११ इलेक्ट्रॉन; त्यांची मांडणी २, ८, १. क्लोरीनच्या अणूंत १७. त्यांची मांडणी २, ८, ७. मग मी म्हणत असें, "मुलांनो, सोडियम दानशूर आहे. बाहेरच्या कवचांतील आपला एकुलता इलेक्ट्रॉन तो आनंदानें शेजाऱ्यास देतो आणि दोघेही तृप्त होतात." यानंतर शेजारप्रीतीवर चार शब्द बोलावयास सांपडत आणि घंटा होई. मुलें खूष, मीही खूष.

यंदा दहावीच्या एका मुलीनें विचारलें, "सर, तो आनंदानें देतो, तर इलेक्ट्रॉन काढावयास ऊर्जा लागते असें कोष्टकांत कां लिहिलें आहे ?" "परीक्षेपुरतें एवढें पुरे," असें सांगून मीं तिला खालीं बसविलें. त्या उत्तराची मला लाज वाटते, म्हणून हा लेख.

मुलीचें म्हणणें यथार्थ होतें. सोडियमच्या अणुगर्भावर ११ धन भार आहेत. आंतील १० इलेक्ट्रॉन त्यांचें आकर्षण बरेंच झांकून टाकतात, तरी अकरावा इलेक्ट्रॉन मोकळा होत नाहीं. २३ ग्रॅम सोडियमच्या वाफेंतील प्रत्येक अणूपासून एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढण्यास सुमारें ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. तितकेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनीं घेतले, तर सुमारें ३४९ किलोज्यूलच परत मिळतात. म्हणजे या देवघेवींत १४७ ची तूट ! ही तूट भरून निघते ती धन सोडियम-आयन व ऋण क्लोराइड-आयन परस्परांकडे ओढले जाऊन स्फटिक बनतो तेव्हां. त्या जुळणींत प्रत्येक आयनाभोंवतीं विरुद्ध भाराचे सहा शेजारी येतात आणि सुमारें ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सोडियमची वाफ करणें, क्लोरीनच्या जोड्या फोडणें हे किरकोळ खर्च वजा जातांही कांहींशें किलोज्यूल शिल्लक उरतात. मीठ घडतें तें या हिशेबानें, औदार्यानें नव्हे.

मग ८ या आंकड्याला अर्थ नाहीं काय ? आहे. सोडियमपासून दुसरा इलेक्ट्रॉन काढूं म्हटलें, तर ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपटींहून अधिक. कारण तो अणुगर्भाजवळच्या आंतल्या कवचांतला. एवढी किंमत कोणताही स्फटिक देऊं शकत नाहीं. म्हणून सोडियम-आयन २, ८ वर थांबतो. परंतु "प्रत्येक अणूला आठ हवे असतात" हें वाक्य लोखंडापाशीं लटकें पडतें. त्याची मांडणी २, ८, १४, २. बाहेरचे दोन गेले कीं २, ८, १४, आणि आणखी एक गेला कीं २, ८, १३. हे दोन्ही आयन चांगले टिकाऊ, आणि दोहोंत बाहेर आठ नाहींत.

माझे कांहीं व्यवसायबंधु म्हणतात, गोष्टीनें मुलांच्या लक्षांत राहतें, गुण मिळतात, पालक संतुष्ट होतात. दृष्टांत सांगूं नये, असें माझेंही म्हणणें नाहीं. आपल्या प्रभूनें पुष्कळसें दृष्टांतांनींच शिकविलें. परंतु त्यांतला पेरणारा आणि मेंढपाळ हीं माणसें होतीं. त्यांना इच्छा होती. अणूला इच्छा नाहीं. ती त्याच्या पदरीं बांधून आपण रसायनही बिघडवितों आणि नीतीही. उद्यां कॉलेजांत हीच मुलगी सोडियमची खरी हकीकत वाचील, तेव्हां आमच्या दानशूर सोडियमबरोबर आमचें दानाविषयींचें बोलणेंही तिला पोकळ वाटेल. पालकांनीं या नुकसानीचा विचार करावा. गुणपत्रकांत तें दिसत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं वरील आंकडे फळ्यावर मांडले आणि "काल तुझें बरोबर होतें, माझें चुकलें," असें सर्वांसमक्ष सांगितलें. ती उठली आणि म्हणाली, "मग लोखंडाचे तेरांवर कां थांबतात, सर ?" तास संपत आला होता. तिचा प्रश्न मीं फळ्याच्या कोपऱ्यांत लिहून ठेवला आहे, आणि तो पुसूं नये असें शिपायास बजावलें आहे.