टाळ्या कोणास आणि हंशा कोणाचा?

१९१६ सालीं ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलें आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीनें महाराष्ट्र वेडावला. त्यांच्या वेषभूषेचें अनुकरण कुलीन स्त्रियांनीं केलें. त्यांत कोणास कांहीं विपरीत वाटलें नाहीं. तेच हावभाव तमाशांतील नाच्यानें केले कीं मात्र आमच्या सभ्यतेस हंसूं येतें!

चित्रपटांनीं हा अन्याय दूर केला, असें म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. ‘जोगवा’ (२००९) मधील तायप्पा सक्तीनें जोगत्या होतो. ‘नटरंग’ (२०१०) मधील पीळदार देहाचा गुणा फडासाठीं नाइलाजानें नाच्या होतो. दोन्ही कृति सरस खऱ्या. परंतु नायक अंतर्यामीं ‘खरा पुरुष’च आहे, ही ग्वाही दोहोंतही प्रेक्षकांस मिळते. म्हणूनच आमचे डोळे पाणावतात. ज्याचें स्त्रीत्व सोंगही नव्हे, सक्तीही नव्हे, केवळ स्वभाव आहे, त्याच्या वांट्यास हे अश्रू कधीं येणार?

सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तृतीयपंथीयांस मान्यता दिली, २०१८ सालीं समलिंगी प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. रसिकांच्या दरबारीं मात्र तो खटला अद्यापि तुंबलेला आहे. बालगंधर्वांची तसबीर भिंतीवर मिरविणाऱ्या घरांत उद्यां एखादा मुलगा आपलें मन उघडें करील. आमच्या रसिकतेची खरी परीक्षा त्या दिवशीं होईल.