‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ : मेसेज पुढे पाठवण्याआधी राईनपाडा आठवा

‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सर्व ग्रुपवर पाठवा.’ असा मेसेज आला की अनेक पालक तो काळजीपोटी लगेच पुढे पाठवतात. ‘खोटा असला तर असू दे, सावध केलेलं बरं,’ हा त्यामागचा विचार. पण या सावधगिरीची किंमत सोलापूर जिल्ह्याने मोजली आहे.

काय घडलं होतं?
१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. परिसरात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा आधीच पसरली होती. जमावाने संशयावरून त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायत कार्यालयात कोंडलं आणि तिथेच पाचही जणांचा जीव घेतला.

नंतर काय बदललं?
त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आणली. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये मंगळवेढ्याशेजारच्या जत तालुक्यात, लवंगा गावात, विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. मर्यादेमुळे मेसेजचा वेग कमी होतो, मनातला संशय जात नाही.

मेसेज कसा ओळखाल?
• तारीख, गाव, पोलीस ठाणे यापैकी काहीच नसतं. ‘आज’, ‘आपल्या भागात’ एवढंच असतं. त्यामुळे तो कुठेही, कधीही खपतो.
• वर दुहेरी बाण दिसतो. म्हणजे मेसेज अनेक हातांतून आला आहे. पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नाही.
• व्हिडिओ अर्धवट कापलेला असतो. २०१८ मध्ये देशभर फिरलेला अपहरणाचा व्हिडिओ मुळात कराचीतील जनजागृतीची फिल्म होती. शेवटचा खुलासा कापून तो पसरवला गेला.

काय कराल?
‘कोणतं पोलीस ठाणे? कोणती तारीख?’ हे दोन प्रश्न ग्रुपवरच विचारा. उत्तर नसेल तर मेसेज तिथेच थांबवा. खरंच शंका आली तर ११२ वर फोन करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. अनोळखी माणसाला अडवून जाब विचारणं हे गर्दीचं काम नाही.

अशा अफवेचा मार ग्रुपवर नसलेल्यांना बसतो. डवरी गोसावी, बहुरूपी, वाट चुकलेला साधू यांना परक्या गावात ओळखणारं कोणी नसतं. परक्या गावात जाणं हेच ज्यांचं पोट, त्यांना दर वेळी ओळख पटवून देता येत नाही. आपल्या मुलांची काळजी खरीच आहे. पण राईनपाड्यात जीव गमावलेले ते पाच जणही कुणाचे तरी वडील, भाऊ, मुलगे होते.