मित्राच्या घरात रणगाडे

‘रशिया आपला जुना मित्र, त्याला नावं ठेवू नका,’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, चेकोस्लोव्हाकियाचाही तो मित्रच होता ना? २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री लिओनिद ब्रेझनेव्हचे रणगाडे त्याच मित्राच्या घरात घुसले. शंभराहून जास्त माणसं मेली. दुब्चेकचा गुन्हा काय? तो स्वतः कम्युनिस्ट. वॉर्सा करार सोडायची भाषाही त्याने केली नव्हती. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठवली, एवढंच. त्याला धरून मॉस्कोला नेलं आणि करारावर सही घेतली.

तेव्हा आमच्या बीडचे खासदार होते क्रांतिसिंह नाना पाटील, १९६७ ला भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडून निवडून आलेले. साताऱ्यात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवणारा माणूस! आणि त्यांच्याच पक्षाने, डांगे अध्यक्ष असताना, या रणगाड्यांची बाजू घेतली. गावाने स्वतःचा कारभार स्वतः करावा म्हणून लढलेल्या माणसाच्या पक्षाला प्रागच्या लोकांचा तोच हक्क दिसू नये, याचा मला आजही राग येतो. दिल्लीतलं सरकारही काही शूर नव्हतं. सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला. अशोक मेहतांनी मात्र त्यावरून मंत्रिपद सोडलं.

‘मग अमेरिकेने व्हिएतनाममध्ये काय केलं?’ पाप केलं. त्याने प्रागमधलं रक्त धुतलं जातं का?

नोव्हेंबर १९६८ मध्ये वॉर्सात ब्रेझनेव्हने उघडच सांगितलं की एका देशातला समाजवाद धोक्यात आला, तर तो सगळ्या समाजवादी देशांचा प्रश्न. धोका कुठे आहे, हे ठरवणार अर्थातच मॉस्को. आमच्याकडे उचल घेतलेला कोयता हंगाम संपेपर्यंत फडातून उठू शकत नाही. मुकादम उठू देत नाही. त्या जोडप्याला मुकादमाचा ‘मित्र’ म्हणाल का? पुढे सत्तरच्या दशकात या देशांना मिळालेलं स्वस्त सोव्हिएत तेल म्हणजे उचलच.

१९७१ चा भारत-सोव्हिएत करार आपल्या कामी आला, मान्य. पण आपण त्याच्या कुंपणाबाहेर होतो, ‘नाही’ म्हणू शकत होतो. कुंपणालगतच्यांचं काय झालं ते काबूलला विचारा. हफीजुल्ला अमीनने स्वतःच सोव्हिएत सैन्य मागितलं होतं. डिसेंबर १९७९ मध्ये ते आलं आणि त्याने पहिल्यांदा अमीनलाच मारलं.