नदीपासून २०० फुटांवर
कोलोरॅडोत लेडव्हिलच्या आसपास, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, सरकारी राष्ट्रीय वनात नदीच्या सोबतीने फुकट मुक्काम करता येतो. नळ नाही, संडास नाही, कचराकुंडी नाही. तंबू मात्र पाण्यापासून २०० फूट मागे लावावा, आणि हे मला मनापासून पटतं. जूनमध्ये दिवसभर वितळलेल्या बर्फाचं पाणी संध्याकाळनंतर खाली पोचतं. दुपारी ज्या गोट्यांवर बसून पाय बुडवले, ते रात्री दिसतही नाहीत. पाणी इथे ९० अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, मुगाचीच न्यावी. शौचासाठी वीतभर खोल खड्डा, तोही नदीपासून तेवढाच लांब. खालची माणसं हेच पाणी पितात.