हत्ती रंगवा, टाळ्या वाजवा!

मंडळी, आज जरा भांडायचंच आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांना सांभाळणारी केंद्रं निघतायत, निघायलाच हवीत. घरची माणसं किती थकतात ते मी जवळून पाहिलंय.

माझा राग आहे तो तिथल्या 'ॲक्टिव्हिटी'वर. सकाळी सगळ्यांना गोलात बसवायचं, फुगा टोलवायला लावायचा, हत्तीचं चित्र रंगवायला द्यायचं आणि वर "आजीऽऽ, टाळ्या! छान छान!" अहो, ही काय बालवाडी आहे?

अशाच एका ठिकाणी माझ्या जुन्या सहकारी बाई आहेत. तीस वर्षं गणित शिकवलं, वर्ग चिडीचूप बसायचा त्यांच्यापुढे. हत्ती समोर आला की त्या रंगीत खडू बाजूला सारतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. रजिस्टरात नोंद होते, 'सहभाग नाही'. गेल्या महिन्यात मी बेरजांच्या वह्या आणि लाल पेन घेऊन गेले. पाऊण तास बाई वह्या तपासत होत्या! चुकीच्या उत्तरांनाही बरोबरच्या खुणा, पण प्रत्येक पानाखाली सही आणि तारीख. तारीख १९८८ ची. असू दे. माझं नाव काही त्यांना आठवलं नाही.

यात चमत्कार नाही. काल काय झालं ही आठवण आधी जाते. वर्षानुवर्षं हातांनी केलेल्या कामाची सवय पुष्कळदा जास्त टिकते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कँप यांनी १९९० च्या दशकात माँटेसरी पद्धत अशा रुग्णांसाठी वापरायला घेतली. गंमत बघा, माँटेसरीबाई चिमुरड्यांच्या हातीसुद्धा खरा झाडू, खरं पाणी देत. आणि आपण सत्तरी-ऐंशीच्या माणसांना फुगा देतो!

"सुरी लागेल हो," म्हणतात. मेथी निवडायला सुरी कशाला? मटार सोलायला, वाती वळायला, पंचांच्या घड्या घालायला? दाणे टरफलांत गेले तर जाऊ देत, त्याचीच भाजी करा असं कोण म्हणतंय! कोणी कंडक्टर असेल तर सुट्टे पैसे मोजायला द्या. मात्र 'नको' म्हणाले तर नको. फुकटचा गडी म्हणून राबवायचं नाही, हेही सांगून ठेवते.

भजनाला माझी हरकत नाही. एरवी गप्प असणारीही त्यात ओठ हलवतात.

नातेवाइकांनो, प्रवेशाच्या फॉर्मात रक्तगट, मधुमेह, पैसे कोण भरणार, सगळं विचारतात. 'हा माणूस आयुष्यभर काय करत होता?' हा रकाना मला अजून एकाही फॉर्मात दिसलेला नाही. मागच्या कोऱ्या बाजूला तुम्हीच लिहा. आणि महिन्याने जाऊन विचारा, कोणी वाचलं का म्हणून.