चियांटीची चव आणि बारवीच्या बाटल्या

आमच्या ऑफिसातली तीन कुटुंबं सप्टेंबरात इटलीला निघाली आहेत. फ्लोरेन्सला गाडी भाड्याने घ्यायची, चियांटीच्या टेकड्यांतून रमतगमत सिएना गाठायचं आणि वाटेत तीन ठिकाणी वाईनची चव घ्यायची. "तू पीत नाहीस, तुला काय मजा कळणार?" एकजण म्हणाला. मीही हसलो.

दहाच मिनिटांत विषय बारवी धरणावर आला. "पावसाळ्यात तिकडे नुसते बेवडे. बाईकवर तिघं-तिघं, सोबत बाटल्या. फटकेच द्यायला हवेत!"

मला विचारायचं आहे, फरक नेमका कुठे आहे? दोन्हीकडे हिरवे डोंगर, वळणाचा रस्ता आणि पोटात दारू. एकीला आपण संस्कृती म्हणतो, दुसरीला बेवडेगिरी. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मान्यता दिली, तेव्हाही 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे ऐकलंच होतं. रक्तातल्या अल्कोहोलला असली जात कळत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात आपल्याकडे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, इटलीत ५० ची; नवख्या चालकाला तिथे थेंबभरही चालत नाही. तिथले जाणकार चव घेऊन घोट थुंकून टाकतात. या मंडळींच्या आखणीत फोटोचे थांबेसुद्धा लिहिलेले होते. कोरडा राहून गाडी कोण चालवणार, ते मात्र कुठेच नव्हतं.

मी दारूबंदी मागत नाही. दारू मला हराम आहे, तो माझा ईमान. तो तुमच्यावर लादायला मला पोलीस नकोत. पण रस्ता आणि पाणी आपलं सगळ्यांचं आहे.

आणि आता आपल्या लोकांशी दोन शब्द. आपणही बारवीला जातो. दारू नसते, बिर्याणीची डेग असते. निघताना थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे ग्लास तिथेच टाकून येतो. खाणं हलाल होतं म्हणून मागे टाकलेला कचरा हलाल होत नाही. वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, असं आपण मुलांना मदरशात शिकवतो. मग धरणाच्या काठावर तो धडा कुठे जातो?

हे धरण एमआयडीसीचं. त्याचं पाणी नदीतून येतं, जांभूळला उचललं जातं आणि उल्हासनगर-डोंबिवलीच्या नळांना पोचतं. उंची वाढवली तेव्हा तोंडली, मोहघरसारखी गावं पाण्याखाली गेली. ज्यांनी घरं सोडली, त्यांच्यातल्याच कुणी बाया आज रस्त्याकडेला कंटोळी, टाकळा विकत बसतात. फुटलेली काच त्यांच्या अनवाणी पायांत जाते. ती महागड्या वाईनची की देशीची, हे रक्त विचारत नाही.

इटलीला जरूर जा. परतल्यावर एका रविवारी बारवीला चला, पोती घेऊन. गाडी मी चालवतो. मी कोरडाच असतो.