रुळावरील सूक्ष्म तडे आणि देखभालीचे अर्थकारण

मुळशी तालुक्यातील माण येथे पुण्याच्या तिसऱ्या मेट्रोमार्गाचे आगार आहे. तेथून हिंजवडीमार्गे शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंतचा हा सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग सरकारी-खासगी भागीदारीतून बांधण्याचे ठरले, २०१८ साली त्याची पायाभरणी झाली आणि त्याच्या सवलतीचा करार ३५ वर्षांचा आहे. स्थानके, तिकीटदर, उद्घाटनाची तारीख यांवर भरपूर चर्चा झाली. परंतु ३५ वर्षे ज्यावर चाके फिरावयाची, त्या रुळाच्या पृष्ठभागाविषयी कोणी बोलताना दिसत नाही.

चाक रुळाला टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. भरलेल्या मालडब्याचे एक चाक सुमारे ११ टन भार या नखभर पोलादावर टाकते. मेट्रोचा डबा हलका खरा. पण त्याच्या फेऱ्या अधिक आणि थांबणे-निघणेही वारंवार. या स्पर्शदाबाचे गणित हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकारंभी मांडले. त्यात पृष्ठभाग गुळगुळीत व निर्दोष गृहीत धरलेला आहे. वापरातला रूळ तसा राहत नाही. विशेषतः वळणावर, बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेशी, चाक दाबते आणि घासतेही. लक्षावधी फेऱ्यांनंतर तेथे केसासारखे तिरके तडे उमटतात.

अखंड पोलादात पसरणारा ताण तडा पडताच त्याच्या टोकाशी एकवटतो. पावसाचे पाणी आत शिरले की वरून जाणारे चाक तड्याचे तोंड मिटवते आणि कोंडलेले पाणी पाचरीसारखे टोक पुढे रेटते. कडेचा टवका उडाला तर चाकाला टेकावयास जागा कमी उरते, दाब वाढतो, चाक आदळू लागते, आणि त्या आघाताने तडा आणखी वाढतो. व्याज मुद्दलात मिळत जावे, तसा हा प्रकार आहे. पुढे एखादा तडा खाली वळला की रूळ आरपार तुटू शकतो. वरच्या तड्यांच्या गर्दीमुळे श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या तपासणीला खालचा खोल तडा दिसत नाही, ही आणखी एक अडचण.

येथे एक विरोधाभास आहे. मऊ रूळ लवकर झिजतो, पण त्या झिजेबरोबर कोवळे तडेही पुसले जातात. कठीण रूळ टिकतो आणि तडेही टिकवून धरतो! म्हणूनच यंत्राने रुळाचा मिलिमीटरच्या अंशाएवढा थर नियमितपणे घासून काढावा लागतो. रूळ बदलण्याच्या मानाने हा खर्च अल्प आहे. मात्र त्याचे फळ डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या खर्चाला कात्री लावण्याचा मोह कोणत्याही हिशेबनिसास होतोच.

इंग्लंडला हा मोह महागात पडला. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ वळणावरचा असाच तडकलेला रूळ धावत्या गाडीखाली फुटून त्याचे शेकडो तुकडे झाले. चार प्रवासी दगावले. रुळाचा दोष आधीच माहीत होता, बदली रूळ मार्गालगत आणून ठेवलेलेही होते. ते बसविले मात्र गेले नव्हते. खासगीकरणानंतर लोहमार्गांची मालकी एका कंपनीकडे आणि देखभाल कंत्राटदारांकडे, अशी विभागणी झाली होती. अपघातानंतर देशभर वेगमर्यादा घालाव्या लागल्या. वर्षभरातच ती मालक-कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली.

सरकारी मालकी हा यावर रामबाण उपाय आहे, असेही नव्हे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये रेल्वेसुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटींचा खर्च सुचविला होता. सुरक्षा-कोष मात्र २०१७-१८ मध्ये निर्माण झाला, आणि त्यातील काही रक्कम भलत्याच बाबींवर खर्ची पडल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२२च्या अहवालाने दाखवून दिले. प्रश्न मालकीपेक्षा हिशेब कोणास दिसतो याचा आहे.

माणच्या मार्गाबाबत खरा कसोटीचा काळ कराराच्या शेवटच्या काही वर्षांत येईल. जो मार्ग लवकरच परत करावयाचा, त्याच्या रुळांवर मनापासून खर्च करण्याचे प्रलोभन कोणत्याही कंपनीस नसते. यात कोणाच्या सचोटीवर शंका नाही, हे साधे अर्थशास्त्र आहे. तेव्हा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वळणांवरील रुळांची तपासणी व घासणी यांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा. हस्तांतराच्या वेळी रूळ कोणत्या स्थितीत असले पाहिजेत, याची तरतूद करारात असेल तर ती लोकांपुढे मांडावी. नसेल तर ती आताच करून घ्यावी.